तापाचा रकाना

आमच्या नागपुरात विद्वानांचा तुटवडा कधीच नव्हता. संत्री एखाद्या वर्षी कमी येतात, विद्वान दरवर्षी भरघोस येतात. त्यातही इंग्रजांच्या काळावर बोलणारे म्हणजे बारमाही पीक. मी स्वतः ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते, त्यामुळे या पिकातलं तण म्हणून का होईना, मलाही सगळीकडे बोलावणं असतं. जाते, मागच्या रांगेत बसते, चहा पिते आणि चिडून घरी येते.

गेल्या वर्षी असंच एक बोलावणं आलं. सिव्हिल लाइन्सकडच्या एका संस्थेनं इंग्रजी अमलावर प्रदर्शन आणि चर्चासत्र ठरवलं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, फुकटची प्रसिद्धी कशाला द्या. सगळा भर म्हणे प्राथमिक साधनांवर. म्हणजे पुस्तकं वाचून लिहिलेली पुस्तकं नकोत, त्या काळातले मूळ कागद, वस्तू, नकाशे, फोटो हवेत. कल्पना वाईट नव्हती. वाईट काय होतं ते पुढे येईलच.

सूत्रं होती सरांकडे. सर म्हणजे मला एम.ए.ला शिकवणारे प्राध्यापक, आता निवृत्त. माणूस अभ्यासू, यात वाद नाही. जुना कागद हातात आला की जेवणखाण विसरतात. पण जिवंत माणूस समोर आला की त्यांची चुळबुळ सुरू होते, त्याला कोणत्या कपाटात ठेवायचं ते त्यांना उमगत नाही. या सरांनी पेपरातून आवाहन केलं की नागपूरकरांनो, घरातल्या पेट्या उघडा आणि तुमच्याकडची साधनं आम्हाला द्या.

लोकांनी उघडल्या पेट्या! त्यातून काय काय निघालं म्हणता? रावसाहेबकीच्या सनदा निघाल्या. मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा असलेला गोरा साहेब निघाला, आणि फोटोच्या कडेला छत्री धरून उभा असलेला कुणाचा तरी पणजोबा, त्याच्याकडे लाल पेननं बाण काढून 'हे आमचे' असं लिहिलेलं. एका घरातून चहाचे कप आले, त्यातून म्हणे लाटसाहेब चहा प्याले होते. नागपुरात जितक्या घरी लाटसाहेब चहा प्याल्याचं सांगतात, तितका चहा तो खरंच प्याला असता तर राज्य करायला त्याला फुरसत कधी मिळाली असती? सगळ्यांचे पूर्वज साहेबाच्या खुर्चीला खुर्ची लावून बसलेले. मग रस्त्यांची खडी फोडत कोण बसलं होतं, आणि साहेबाचा तंबू डोक्यावरून कोण वाहत होतं, याचा पत्ता एकाही पेटीतून लागला नाही.

आणि या जत्रेत आमच्या घरचा माणूसही मागे नव्हता. माझा मामेभाऊ हुडकेश्वरला राहतो, प्लॉटचे व्यवहार करतो. मनानं वाईट नाही, पण चमकायची हौस फार. त्याच्या घरी एक पितळी बिल्ला होता. आमच्या पणजोबांचा, म्हणजे माझ्या मायच्या आजोबांचा. ते एका लहान गावाचे कोतवाल होते, आणि तो बिल्ला त्यांच्या पट्ट्यावरचा. मामीच्या काळात तो माठाच्या झाकणीवर वजन म्हणून ठेवलेला मी पाहिला आहे. सरांचं आवाहन वाचल्याबरोबर मामेभावानं तो चिंचेनं घासला, सोनाराकडून मखमलीची डबी आणली आणि मला फोन केला.

"ताई, आपला पणजोबा सरकारी ऑफिसर होता, माहीत हाय ना तुले?"

"ऑफिसर नव्हता रे, कोतवाल होता."

"तेच ते."

तेच ते कसं असेल? कोतवाल म्हटलं की शहरी माणसाला वाटतं कुणी तरी मिशीवाला फौजदार. गावचा कोतवाल म्हणजे आमच्या वस्तीतला, गावाबाहेर राहणारा माणूस. दवंडी त्यानं पिटायची, साहेबाचं सामान पुढच्या गावापर्यंत त्यानं न्यायचं, रात्री जागलीही त्यानंच करायची. आणि गावात कोण जन्मलं, कोण मेलं, याची वर्दी दर आठवड्याला पायी चालत ठाण्यावर त्यानंच द्यायची. पगार म्हणजे काय, तर पीक निघालं की प्रत्येक घरून सूपभर धान्य. ऑफिसर म्हणे! धम्मदीक्षेनंतर माझे आजोबा, म्हणजे त्या कोतवालाचाच मुलगा, ती सगळी गुलामी लाथाडून नागपूरला मिलमध्ये लागले ते काय उगीच?

संस्थेनं बिल्ला घेतला, काचेच्या पेटीत ठेवला आणि खाली पाटी लावली. मामेभावानं त्या पाटीचा फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, सोबत चार फटाके. मी तो मायला मोठ्यानं वाचून दाखवला. माय म्हणजे ऐंशी पार केलेली, आयुष्यभर बिड्या वळून आम्हाला शिकवलेली, कानानं तिखट आणि जिभेनं त्याहून. जरीपटक्याच्या बाजारातून आणलेली मेथी निवडत बसली होती. मी वाचलं, "ब्रिटिश प्रशासनाचा गावपातळीवरील विश्वासू दुवा. यांच्या नियमित आणि चोख नोंदींमुळेच या भागातील रोगराईचा इतिहास आज लिहिता येतो."

मायचा हात थांबला.

"काय म्हनते? चोख?"

"चोख म्हणजे बिनचूक."

"थे समजते मले. सोताच्या पोरीचं खोटं सांगून आला थो, आन् हे म्हनते चोख!"

मग तिनं जे सांगितलं ते मी तुकड्यातुकड्यानं आधी ऐकलेलं होतं, पण सलग त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पणजोबांना लिहिता येत नव्हतं. म्हणून ते दुपट्ट्याला गाठी मारत. एका टोकाला जन्माच्या, दुसऱ्या टोकाला मरणाच्या. ठाण्यावर मुनशीसमोर उभं राहायचं, एकेक गाठ सोडायची आणि सांगायचं, अमक्याची बायको, अमक्याचा बाप. मुनशी विचारायचा, कशानं मेला? त्याच्या कागदावर रकाने आखलेले असत. पटकी, देवी, जुलाब, साप, वाघ, आणि ताप. जे कशातच बसत नसेल ते तापात. म्हातारपणानं मेला, ताप. बाळंतीण गेली, ताप. कोण कशाला डोकं लावतो? मुनशीला जेवायला जायचं असे आणि पणजोबांना अंधाराच्या आत गाव गाठायचं असे.

मग मोठा दुष्काळ पडला. पीकच नाही, तर कोतवालाला सूप कोण भरून देणार? गावातल्या कुणाच्याही आधी त्याची चूल विझली. त्याची पहिली मुलगी, म्हणजे मायची आत्या, अजून अंगणात रांगायची-चालायची, ती त्यात गेली. मायचे वडील तेव्हा जन्मलेही नव्हते. पणजोबांनी तिला माती दिली, दुपट्ट्याला आणखी एक गाठ मारली आणि ठाण्यावर गेले. मुनशीनं विचारलं, कशानं? हे म्हणाले, भुकेनं. मुनशीनं टाक खाली ठेवला. भुकेचा रकाना नाही, म्हणाला. आणि वरून लिहिलं तर चौकशीला साहेब येईल, गावच्या जमीनदाराला, मालगुजाराला, जाब विचारेल, मालगुजार कोणाची चामडी सोलेल ते तुलाच ठाऊक. पट्टा जाईल तो वेगळाच. ताप म्हण.

"आन् म्हनलं त्यानं ताप," माय म्हणाली. "म्हातारपनी खाटेवर बसून मले सांगे. मी लहान होती, मले काय समजे? एकच गोष्ट घोके. आंग थंड होतं वं तिचं, म्हने. बरफावानी थंड. आन् मी ताप सांगून आलो."

मायनं मेथीची जुडी बाजूला सारली आणि मला हुकूम सोडला. "तुह्या त्या मास्तरले सांग, तिथं खाली लिव म्हना. कोतवालाची पोरगी भुकेनं मेली आन् त्याले ताप सांगा लागला. एवढं एकच लिव म्हना. मंग ठेवा बिल्ला, नाई तं द्या वापस."

"माय, कोण वाचते त्या पाट्या?"

"सरकारी मानसं येतीन ना उद्घाटनाले? थे वाचतीन. एक डाव तं वाचतीन."

दुसरं काही तिला नको होतं. पैसा नाही, सत्कार नाही, फोटो नाही. जे वाक्य ठाण्यावर बोललं गेलं आणि लिहिलं गेलं नाही, ते कुठं तरी सरकारी माणसांच्या नजरेसमोर लिहिलं जावं, बस्स. मला वाटलं, एका पाटीचा तर प्रश्न आहे, होईल. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, मी तिला 'करतो' म्हणून बसले.

सरांकडे गेले तर ते संगणकावर आलेख पाहत बसलेले. लाल रेघ, मधेच उंच उसळलेली. चेहऱ्यावर बारशाला आल्यासारखा आनंद. म्हणाले, "हे बघ, दुष्काळाच्या वर्षात आपल्या जिल्ह्यात तापाची केवढी लाट आली होती! यावर आजवर कुणी काम केलेलं नाही. डास, साचलेली तळी, क्विनाइनचं वाटप, सगळा धागा जुळतो."

मी मायची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकली, हे कबूल करायला हवं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अगं, हृदयद्रावक आहे. पण ही आठवण आहे, साधन नव्हे."

"सर, तुमच्या या रेघेखाली जे आकडे आहेत ते असल्याच कोतवालांच्या तोंडून आलेत. तोच माणूस ठाण्यात बोलला ते साधन, आणि घरी बोलला ती आठवण?"

"ठाण्यात बोलला ते तेव्हाच्या तेव्हा लिहिलं गेलं. घरी बोलला ते पन्नास वर्षांनी, एका लहान मुलीजवळ. तिनं ते सांगितलं आणखी सत्तर वर्षांनी. तूच सांग, वर्गात मुलांना काय शिकवतेस?"

वर्गात मी तेच शिकवते, हाच तर ताप होता. वर ते म्हणाले की भुकेनं खंगलेल्या शरीराला ताप येतोच, तेव्हा नोंद अगदीच खोटी म्हणता येणार नाही. हेही खोटं नव्हतं. माझा नुसता संताप होत होता. तेवढ्यात त्यांनी वही पुढे ओढली आणि मुलीचं नाव विचारलं. मला माहीत नव्हतं. मायलाही माहीत नव्हतं, पणजोबांनी ते कधी उच्चारलंच नव्हतं. साल? नक्की नाही. गावची मूळ वही? ती केव्हाच रद्दीत गेली, उरली आहे ती जिल्ह्याची बेरीज. सरांनी वही मिटली. "काही तरी आण, मी लावतो पाटी," म्हणाले. काय आणायचं होतं मी? त्या बेरजेतच मायची आत्या आहे. सरांची ती लाल रेघ वर चढते ना, त्या चढात ती एका केसाइतकी तरी आहे. पण तिला तिथून काढून दाखवायची कशी?

बाहेर येऊन स्कूटीला किक मारताना मला आमच्या गल्लीतला शेजारी आठवला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो खाटेच्या शोधात ऑटोमध्ये फिरून फिरून, ऑटोतच गेला. दाखल्यावर काय लिहून आलं? हृदयक्रिया बंद पडली. अरे, माणूस मेला की हृदय बंद पडणारच, ते काय चालू राहणार आहे? खाट मिळाली नाही याचा रकाना नसतो. इंग्रज गेला, जाताना झेंडा घेऊन गेला, पण रकाने इथंच ठेवून गेला, आणि आम्ही ते जपतो आहोत सासुरवाडीहून आलेल्या भांड्यांसारखे.

मामेभावाला फोन केला, म्हटलं तू बिल्ल्याचा मालक, तू मागणी केलीस तर ऐकतील. तो उखडलाच. "ताई, असं काही लावू नको तिथं. लोक काय म्हणतील? ऑफिसरच्या घरी कोणी उपाशी मरते का?"

"ऑफिसर नव्हता ना रे भैताडा, म्हणून तर मेली!"

"आता मरून गेले सारे. कशाले उकरून राहिली? माझ्या पार्ट्या येणार हायेत उद्घाटनाले."

पार्ट्या म्हणजे प्लॉट घेणारे. पणजोबा ऑफिसर निघाला की प्लॉटचा भाव वाढत असेल बहुतेक.

उद्घाटनाच्या दिवशी माय सकाळपासून तयार. पांढरी साडी, नवी चप्पल. पाटी बदललेली नाही हे मी तिला आधीच सांगितलं होतं. "मले घेऊन चाल," एवढंच म्हणाली. संस्थेचा हॉल कडक थंड केलेला, दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुली, आणि मागच्या बाजूनं पुऱ्या तळल्याचा वास. कार्यक्रमपत्रिकेत दुष्काळाचं सत्र नाश्ता आणि जेवण यांच्या बरोबर मध्ये होतं. ज्यानं हे ठरवलं त्याला त्यात काही वावगं वाटलं नसेल, आणि विचारलं असतं तरी वाटलं नसतं.

माय काचेच्या पेटीपाशी गेली. बिल्ला मखमलीवर चमकत होता, वरून छोटा दिवा सोडलेला. तिनं बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाली, "पाह्यली का मखमल? त्याच्या लेकराले गुंडायले चिंधी नव्हती." शेजारी उभ्या असलेल्या मामेभावानं ऐकलं आणि तो त्याच्या पार्ट्यांना वाघाच्या फोटोकडे घेऊन गेला.

सत्र सुरू झालं. व्यासपीठावर कुणी अधिकारी, कुणी माजी कुलगुरू, मधे सर. सरांनी पडद्यावर ती लाल रेघ आणली आणि हातातल्या दिव्याचा ठिपका उसळीवर नाचवत म्हणाले, "ही जी उसळी दिसते आहे ती तापाची. आणि या नोंदी किती विश्वासार्ह आहेत, याची साक्ष देणारा बिल्ला आपण बाहेर पाहिलाच." सूत्रसंचालिकेनं सांगितलं की प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत.

माय उभी राहिली. तिला चिठ्ठी लिहिता येत नाही असं नाही, चौथी पास आहे. पण तिला प्रश्न विचारायचाच नव्हता.

"वर्दी हाय," ती म्हणाली. माईक नव्हता, पण बिडी कारखान्यात चाळीस बायांच्या गलक्यावरून ओरडायची सवय. सगळा हॉल वळला. "मयत एक. पोरगी. कोतवालाची. ताप नव्हता तिले. आंग थंड होतं. भुकेनं मेली. लिवा."

व्यासपीठाच्या कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणारा कारकून बसला होता, त्याचा पेन कागदापासून बोटभर वर राहिला. माय त्याच्याकडेच पाहत होती. "लिवा ना गा. भुकेनं. सोपं हाय."

मग सूत्रसंचालिका भानावर आली. "माताजी, आपण बसून घ्या, आपलं मौखिक कथन आपण नंतर घेऊ."

"मी तुमची माताजी नोहो. मी त्याची नात हाय."

एवढ्यात मागून कुणी तरी म्हणालं, बीपी असेल. झालं! नागपुरात कुणी खरं बोलू लागलं की त्याचं बीपी वाढलेलं असतं. दोन स्वयंसेविका धावत आल्या, एकीनं पाण्याचा ग्लास आणला, दुसरीनं दंड धरला. "मले कायी झालं नाई, सोडा," माय म्हणत होती आणि त्या तिला 'हो आजी, हो आजी' म्हणत खुर्चीत दाबत होत्या. मी मधे गेले, दोघींना बाजूला केलं, जरा जास्तच जोरात केलं असेल. "तिला काही झालेलं नाही, तुम्हाला ऐकू येत नाही का?" असं मी पूर्ण हॉलला विचारलं. सर खाली मान घालून कागद सारखे करत होते. मामेभाऊ मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. अध्यक्षांनी जेवणाची सुट्टी अर्धा तास आधीच जाहीर केली.

मी म्हटलं, चल माय, घरी जाऊ. तर म्हणाली, "काहून? जेवून जाऊ. उपाशी मरायची पाळी आता आपली नाई." आणि रांगेत उभं राहून तिनं पुरी, भाजी, श्रीखंड व्यवस्थित वाढून घेतलं, बसून चवीनं खाल्लं. आमच्या टेबलावर दुसरं कुणी आलं नाही. तेवढीच हवेशीर जागा मिळाली.

मामेभाऊ दोन दिवसांनी घरी आला. हातात ती डबी. प्रदर्शन संपायच्या आधीच बिल्ला काढून आणला होता, कसा आणला ते सांगितलं नाही. बसला, पाणी प्याला आणि मायला विचारलं, "आत्या, माह्या बापाले माहीत होतं का हे?"

"होतं तं."

"मंग मले काहून नाई सांगतलं कधी?"

"तुले ऑफिसर पायजे होता ना गा बाबू," माय म्हणाली. तो उठला. जाताना डबी आमच्याच घरी ठेवून गेला.

महिन्याभरानं संस्थेचा छापील अहवाल पोस्टानं आला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, पाहुण्यांच्या भाषणांचे सारांश. मी पानं उलटत गेले. दुष्काळाच्या सत्राखाली सरांचा आलेख होता, पाहुण्यांनी केलेलं कौतुक होतं, आणि शेवटी दोन ओळी होत्या. 'सत्रादरम्यान एका ज्येष्ठ महिलेस उकाड्यामुळे अस्वस्थ वाटू लागल्याने कामकाज काही काळ थांबवण्यात आले. संयोजकांच्या तत्परतेमुळे त्यांना वेळीच मदत मिळाली.'

मी सरांना फोन लावला. "सर, उकाडा? एसी हॉलमध्ये?"

"अगं, अहवाल ऑफिसनं केला. त्यांचे मुद्दे ठरलेले असतात. स्वागत, भाषणं, प्रश्नोत्तरं, आभार. आईंचं बोलणं त्यात बसवणार कुठे? आणि हॉलमध्ये तसा गोंधळ झाला होता हेही खरंच."

"म्हणजे रकाना नव्हता."

"तू फार भावनिक होतेस."

"सर, हा अहवाल तुमच्या ग्रंथालयात राहील. उद्या तुमच्यासारखाच कुणी तरी अभ्यासू माणूस येईल आणि प्राथमिक साधन म्हणून तो उघडेल. माझी माय त्याला उकाड्यात सापडेल. दुरुस्ती छापा."

"छापून, वाटून झालं आता," सर म्हणाले, आणि आवाज खरोखरच पडलेला होता. पण पडलेल्या आवाजाचं मी काय करू? दुरुस्ती आली नाही, अजूनही आलेली नाही.

मायला सांगावं की नाही, असा मी दोन दिवस विचार केला. तिनंच टेबलावरचा अहवाल पाहिला आणि म्हणाली, वाच. मी वाचलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं नुसतं विचारलं.

"उकाडा? मले तं तिथं थंडी वाजून राहिली होती."

"हो माय."

"तू होती ना वं तिथं माह्या बाजूले?"

"होती ना."

"मी पडली होती का?"

"नाही माय. उभी होती तू."

"पाह्यलं ना तुह्या डोयानं?"

"पाह्यलं."

"मंग झालं," ती म्हणाली. "म्हातारा ठान्यातून एकटाच आला होता. त्याच्या बाजूले कोनी नव्हतं. माह्या बाजूले तू हायस. मी मेल्यावर कोनी हे पुस्तक दाखवलं तं सांगजो त्याले. पडली नव्हती म्हना. उभी होती."